विनोदाचं व्हर्जन

मराठवाड्यातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात कंपायलरवर, म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल असा करून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर, बोलायला गेले होते. मार्चचं ऊन, लॅबच्या दाराबाहेर चपला-बुटांचा ढीग, आत यूपीएसची मधूनच टीं टीं आणि भिंतीवर एक एसी, जो गार हवा सोडून बाकी सगळं करत होता. जेवणानंतरचा तास. मुलं डोळे उघडे ठेवून झोपलेली. अशा वेळी आमच्या धंद्यातली माणसं एक हुकमी पान काढतात, ते मी काढलं. पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा उघडली आणि पडद्यावर टाइप केलं: फ्रॉम फ्यूचर इम्पोर्ट ब्रेसेस. म्हणजे, बाबा रे, पुढे कधीतरी तुझ्यात महिरपी कंस येणारच असतील, तर ते मला आजच दे. पायथॉननं तत्काळ उत्तर दिलं: सिंटॅक्स एरर, नॉट अ चान्स. नावच काढू नकोस. मागच्या बाकावरचे दोघं-तिघं हसले, त्यांचे सर हसले, मीही हसले. पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं मात्र ती ओळ वहीत नीट उतरवून घेतली, हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, मग हे कुठल्या व्हर्जनमध्ये चालेल?"

"कुठल्याच नाही," मी म्हटलं, आणि वर्ग पुन्हा हसला. या वेळी विनोदाला नाही, तिला. तिनं कंपासपेटीतून पट्टी काढली, वहीतल्या त्या ओळीवर सरळ रेघ मारली आणि पुढचं ऐकायला लागली. ती पट्टी परतीच्या गाडीत माझ्या डोक्यातून जाईना. कारण तिचा प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. फ्यूचर हा पायथॉनमधला खराखुरा कप्पा आहे. येऊ घातलेल्या सोयी आधी तिथे ठेवतात आणि प्रत्येकीपुढे ती कुठल्या व्हर्जनपासून ऐच्छिक आणि कुठल्यापासून सक्तीची, हे लिहिलेलं असतं. ज्याला भाषा शिकायची आहे तो हेच विचारणार. हसायचं असेल तर मात्र बरंच काही आधीपासून माहीत हवं. गिडो व्हॅन रॉसमनं 1989च्या नाताळच्या सुटीत ॲमस्टरडॅमला ही भाषा लिहायला घेतली, तेव्हा ओळी किती आत सरकवल्यात यावरूनच प्रोग्रामचे भाग पाडायचे ठरवलं. सी आणि जावा या भाषांत ते काम महिरपी कंस करतात, म्हणून त्यांच्या मंडळींनी त्यावर वर्षानुवर्षं कटकट केली. आणि शेवटी त्या कटकटीचं उत्तर कुणीतरी थेट भाषेच्या पोटातच लिहून ठेवलं. या मुलीची पायथॉनशी ओळख जेमतेम एका सेमिस्टरची. ज्या भांडणात आपण नव्हतो त्यातला टोमणा आपल्याला कसा कळावा?

मी पुण्यात कंपायलरच्या टीममध्ये काम करते. आई नातेवाइकांना सांगते की ती कॉम्प्युटरचं शुद्धलेखन तपासते, आणि मी ते कधी दुरुस्त केलेलं नाही, कारण माझ्याकडे याहून बरं वाक्य नाही. दिवस साधारण असा जातो: कुणाचा तरी प्रोग्राम आमच्या चिपवर, आणि फक्त ऑप्टिमायझेशन, म्हणजे प्रोग्राम जलद करायची सोय, चालू असतानाच, चुकीचं उत्तर देतो. त्या हजारो ओळींच्या प्रोग्राममधून एकेक ओळ काढत, दर वेळी चूक अजून होतेय ना हे बघत, शेवटी हाताच्या तळव्यावर मावेल एवढा तुकडा उरवायचा. यात आठवडासुद्धा जातो. मग सापडतं की आपल्याच कोडमध्ये एका ठिकाणी 'लहान' हवं होतं तिथे 'लहान किंवा समान' आहे. दुरुस्ती एका अक्षराची. ती रिव्ह्यूला, म्हणजे सहकाऱ्यांच्या तपासणीला, टाकायची. दुरुस्ती बरोबर आहे का याबद्दल एक अभिप्राय येतो आणि टेस्टच्या फाइलचं नाव काय असावं याबद्दल वीस. रात्री साडेनऊला कॅलिफोर्नियाशी कॉल. एकाचं म्यूट राहून जातं आणि कुकरची शिट्टी समुद्रापार जाते. गणपतीत तर पलीकडच्या मॅनेजरला 'सुखकर्ता' ओळखू यायला लागलं आहे. तो म्हणतो, मी थांबतो, तुमचं होऊ दे.

त्या वीस अभिप्रायांना आमच्या धंद्यात एक नियमच आहे. फिलिप वॉडलर हे हॅस्केल भाषेच्या समितीतले. भाषेच्या एखाद्या वैशिष्ट्याचा अर्थ काय यावर जेवढा वेळ जातो, त्याच्या दुप्पट त्याच्या वाक्यरचनेवर, त्याच्या दुप्पट कुठली चिन्हं वापरायची यावर आणि त्याच्याही दुप्पट कॉमेंट कशा लिहायच्या यावर जातो, असं त्यांनी मांडलं. कॉमेंट म्हणजे जे कंपायलर वाचतही नाही ते. हा नियम मी नव्यानं लागलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात सांगते. तो हसतो, आणि महिन्याभरात चौथ्या पायरीवर स्वतःच तावातावानं भांडताना दिसतो. तसे हॅस्केलवाले मुळातच नशीबवान. 1988 साली येलमधल्या बैठकीत त्यांनी तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांचं नाव भाषेला द्यायचं ठरवलं. 'करी' म्हटलं तर लोक थट्टा करतील म्हणून पहिलं नाव घेतलं. करींच्या पत्नीकडे, व्हर्जिनियाबाईंकडे परवानगी मागितली. बाईंनी होकार दिला, आणि पुढे समितीतले एक जण त्यांना भेटायला गेले तेव्हा निघता निघता त्यांना सांगितलं, तसं हॅस्केलला 'हॅस्केल' हे नाव कधी आवडलं नव्हतं हो.

एरर मेसेज लिहिणं हा आमच्या कामातला सगळ्यात दुर्लक्षित आणि माझा लाडका भाग. कंपायलरमधला बाकीचा कोड यंत्रासाठी, हे एवढंच माणसासाठी. पुण्यात वाढल्यामुळे असेल, मला चांगला एरर मेसेज आणि दारावरची पाटी यांत फार फरक दिसत नाही: कमी शब्द, काटेकोर व्याकरण, आणि चूक तुमचीच आहे याबद्दल जराही शंका नाही. 1972 साली प्रिन्स्टनमधल्या डॉन वुड्स आणि जेम्स लायन या दोन विद्यार्थ्यांनी इंटरकॅल नावाची थट्टेची भाषा केली. तिच्यात 'प्लीज' हा शब्द ठरावीक प्रमाणात लिहावा लागतो. कमी लिहिला तर कंपायलर तुम्हाला उद्धट ठरवून काम नाकारतो आणि जास्त लिहिला तर लाळघोटे ठरवून. सदाशिव पेठेचं एवढं अचूक यांत्रिकीकरण न्यू जर्सीत व्हावं याची मला थोडी असूया वाटते. याच्या उलट टोकाला रस्ट. त्या भाषेचा शुभंकर फेरिस नावाचा खेकडा. तुम्ही एखाद्या व्हेरिएबलला, म्हणजे किंमत साठवायच्या कप्प्याला, नाव म्हणून खेकड्याचा इमोजी टाकलात, तर कंपायलर सांगतो की फेरिसला असं वापरता येणार नाही, त्याऐवजी नाव लिहा, आणि 'फेरिस' असं लिहूनही दाखवतो. कुणीतरी ते बसून लिहिलंय, कुणीतरी तपासलंय. रस्टचे बाकीचे मेसेजही इतके समजूतदार असतात की हा एक विनोद त्यांना शोभतो. आधी माणसाचं काम अडू द्यायचं नाही, मग त्याला हसवायचं, हा क्रम त्यांना कळला आहे.

पाटी लिहिणारा निदान दाराआड असतो. बेल वाजवून त्याच्याशी भांडता येतं.

रात्री दीड वाजता ज्याचं सबमिशन अडलं आहे त्याला 'नॉट अ चान्स' वाचून काय वाटत असेल, हा विचार मी इतकी वर्षं केला नव्हता असं नाही. पण तो नेहमी माझ्यासारख्याच कुणाबद्दल केला होता: भाषांची भांडणं ठाऊक असलेला, इंग्रजी टोमण्यातली खोच उचलणारा, दमलेला पण आतल्या गोटातला. ज्या मुलीनं वहीत ओळ उतरवली तिच्यासाठी पडद्यावर आलेलं प्रत्येक अक्षर सारखंच अधिकृत होतं. यंत्र थट्टा करतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. पायथॉनची तर मुळापासूनच ही रीत. नाव मॉन्टी पायथॉन या ब्रिटिश विनोदी मंडळींवरून, आणि मॅन्युअलमधल्या उदाहरणांत व्हेरिएबलांची नावं स्पॅम आणि एग्ज, तीही त्यांच्याच एका प्रवेशातली. आमच्या मुलांना त्या प्रवेशाशी काय देणंघेणं? ती निमूटपणे परीक्षेत 'स्पॅम इज इक्वल टू 5' लिहून येतात आणि मार्क मिळवतात.

घरी आल्यावर त्या फ्यूचरच्या कप्प्यात नीट डोकावले. ब्रेसेसचा विनोद तिथल्या यादीत नाही, तो कंपायलरमध्येच आडवा येतो. पण यादीत दुसरा एक विनोद बसलाय, आणि तो रीतसर नोंदणी करून. 1 एप्रिल 2009 रोजी पायथॉनच्या कोअर टीममधल्या बॅरी वॉर्सा आणि ब्रेट कॅनन यांनी भाषेच्या अधिकृत प्रस्तावांत 401 क्रमांकाचा प्रस्ताव टाकला. गिडो तेव्हा गमतीनं 'तहहयात परोपकारी हुकूमशहा' म्हणवला जाई. प्रस्तावात जाहीर केलं की गिडो निवृत्त झाला असून बॅरी आता 'तहहयात प्रेमळ भाषाकाका' म्हणून गादीवर बसतोय. काकांचा एक हुकूम असा, की 'समान नाही' यासाठी '!=' हे भिकार चिन्ह बंद; पायथॉन 3 मधून नुकतंच काढून टाकलेलं जुनं '<>' परत चालू. एवढ्यावर थांबते तर ती एक एप्रिलची गंमत झाली असती. पण त्यांनी ते खरोखर कोडमध्ये घातलं. आजही पायथॉनमध्ये फ्यूचरमधून बॅरीकाकांना आणलंत आणि '!=' लिहिलंत, तर एरर येते: बॅरीच्या राज्यात '!=' ऐवजी '<>' वापरा. आणि यादीत त्यापुढे स्वच्छ लिहिलंय: ऐच्छिक 3.1पासून, सक्तीचं 4.0पासून. 4.0 आलेलं नाही.

म्हणजे विनोदालाही व्हर्जन होतं. त्या मुलीचा पत्ता माझ्याकडे नव्हता, म्हणून तिच्या सरांना मेल टाकली, की पहिल्या रांगेतल्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं अधिक अचूक उत्तर असं असं आहे. उत्तर आलं: नोटेड विथ थँक्स.

खरी गंमत मात्र पुढे आहे, आणि तिच्यात मला आमच्या सगळ्या नोकरीचं सार दिसतं. 2020 साली पायथॉन 3.9मध्ये भाषेचा पार्सर, म्हणजे लिहिलेलं वाचून त्याची फोड करणारा भाग, मुळापासून नवा लिहिला गेला. तीस वर्षं जुना भाग काढून नवा बसवायचा आणि जगभरात कुणाचंही काही फुटता कामा नये. असल्या कामात माणसं झोपेत बरळतात. त्या नव्या पार्सरला जुन्या सगळ्या टेस्ट पास व्हाव्या लागल्या आणि त्यांत काकांची टेस्ट होतीच. त्यामुळे त्या चकचकीत नव्या व्याकरणात 'समान नाही' हे चिन्ह आलं, की 'सध्या बॅरी गादीवर आहे का' हे विचारणारं एक फंक्शन चालतं. एखाद्या बँकेत, वेधशाळेत, कुणाच्या तरी पीएचडीच्या प्रोग्राममध्ये, कुठेही. अकरा वर्षांपूर्वी दोघांनी केलेली मस्करी तिसऱ्या कुणाला तरी काटेकोरपणे पुन्हा लिहावी लागली, तिसऱ्या कुणीतरी तपासावी लागली. बोलून दाखवलेला विनोद हवेत विरतो. आमचा विनोद ज्यांनी केला त्यांच्याहून जास्त, ज्यांच्या अंगावर पडतो त्यांचा होतो.

आणि मध्ये 2018 येऊन गेलं होतं. ':=' या चिन्हावरून, अक्षरशः दोन टिंबं आणि दोन रेघांवरून, पायथॉनच्या मंडळींत महिनोन् महिने इतकी जुंपली की वॉडलरचा नियमही कमी पडावा. प्रस्ताव मंजूर झाला आणि 12 जुलैला गिडोनं 'सत्तांतर' अशा विषयाची मेल पाठवली. एका प्रस्तावासाठी इतकं लढावं आणि शेवटी इतक्या जणांना आपला निर्णय तिरस्करणीय वाटावा, हे परत नको. मी थकलोय, मला खूप मोठी सुटी हवी आहे, असं तो लिहून गेला. वारस नेमला नाही. पुढे निवडून आलेल्या पाच जणांच्या मंडळाकडे कारभार गेला. तहहयात हुकूमशहा हे नाव 1995मध्ये थट्टेत पडलं होतं. पण जिथे शेवटी एकाच माणसाला 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं असतं, तिथे थट्टेतली गादीसुद्धा खरीच टोचते. नऊ वर्षांपूर्वीची निवृत्तीची थाप खरी झाली, आणि त्या दिवशी कुणाला तिची आठवण काढून हसावंसं वाटलं असेल असं मला वाटत नाही. आमच्या ऑफिसात त्या मेलचा प्रिंट बरेच दिवस कॉफी मशीनशेजारी चिकटवलेला होता. कुणी चिकटवला माहीत नाही. शेवटच्या वाक्याखाली पेनानं रेघ मारलेली.

अशा टीममध्ये हसणं थांबलं की काय होतं याचे दाखले आहेत. जुलै 2000मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरीला पर्ल या भाषेच्या मंडळींची बैठक भरली होती. भाषा साचलीय, मंडळी किरकोळ बाबींवर घोळ घालताहेत, हे असह्य होऊन जॉन ऑर्वंट यांनी कॉफीचे मग भिंतीवर फेकायला सुरुवात केली. एकामागून एक. त्याच बैठकीतून पर्ल 6ची घोषणा झाली, आणि ती भाषा पहिल्यांदा नीट बाहेर पडायला 2015चा नाताळ उजाडला. मला ही गोष्ट तरुणपणी फार आवडायची. आता मीटिंगमध्ये कुणी मग जोरात ठेवला तरी मी दचकते. आणि विनोद करणारा शहाणा असतो असंही नाही, किंवा तो सगळ्यांना हवासा असतो असंही नाही. 'इम्पोर्ट धिस' लिहिलं की पायथॉन एकोणीस सुविचार छापतो. वाचायला सोपं असणं महत्त्वाचं, हा त्यातलाच एक. ते ज्या फाइलीत ठेवलेत ती फाइल मात्र प्रत्येक अक्षर तेरा घरं सरकवून मुद्दाम न वाचण्याजोगी केली आहे. त्या सुविचारांचे कर्ते टिम पीटर्स. 2024च्या ऑगस्टमध्ये त्यांना कोअर टीममधून तीन महिन्यांसाठी निलंबित केलं. कारणांची यादी मी वाचली. चर्चेत त्यांच्याच मजकुराची गर्दी होते, हे त्यात होतं. काही कारणं पटली, काही वाचून वाटलं की हे समोरासमोर बसून एका चहात मिटलं असतं. पण समोरासमोर बसायचंच तर नसतं इथे. जगाच्या पाठीवर पसरलेली माणसं फक्त लिहून एकमेकांना ओळखतात, आणि लिहिलेल्या ओळीत मिस्कीलपणा आणि खवचटपणा यांचे चेहरे अगदी सारखे दिसतात.

मला स्वतःला ज्यांत कुणाला चिमटा नाही असे विनोद आवडायला लागलेत. पायथॉनला अनंताचा हॅश, म्हणजे एखाद्या किमतीवरून काढलेला ओळखीचा आकडा, विचारा, तो 314159 सांगतो. गणितातल्या पायचे, 3.14159चे, आकडे. कुणाच्या कामात येत नाही, कुणाला अडवत नाही, बघितलं नाही तरी काही बिघडत नाही. पर्लमधला भोपळाही तसाच. पर्लच्या मुख्य कोडमध्ये बदल चढवायचा हक्क एका वेळी एकाकडेच असे, आणि त्या हक्काचं नाव भोपळा. कुणाच्या तरी आधीच्या नोकरीत टेप ड्राइव्ह एकच होता आणि बॅकअप घेणाऱ्या मशिन्स अनेक. म्हणून त्यांनी कापसाचा एक भोपळा ठेवला होता. ज्याच्या हातात भोपळा, त्यानंच बॅकअप घ्यायचा. कुलपाचं अख्खं शास्त्र त्या भोपळ्यात आलं. पुढे पर्ल सांभाळणाऱ्या माणसाला अधिकृत कागदपत्रांतसुद्धा 'पंपकिंग' म्हणायला लागले.

आमचा भोपळा म्हणजे साडेसाती. टीममध्ये एक सिनियर होता, सगळे त्याला भाऊ म्हणत. कंपायलर एका प्रोग्रामवर शंभरेक टप्प्यांत काम करतो. भाऊनं अशी सोय केली की प्रत्येक टप्प्यानंतर सगळं पुन्हा तपासून बघायचं आणि पहिलं काय बिघडलं ते सांगायचं. फार कामाची सोय, फक्त ती चालू केली की दोन मिनिटांच्या कामाला अख्खी दुपार लागते. भाऊनं त्या ऑप्शनला नाव दिलं साडेसाती. रिव्ह्यू पुण्यातल्या पुण्यातच झाला, सगळे हसले, मंजूर. मग ते कॅलिफोर्नियाच्या स्क्रिप्टमध्ये गेलं, ग्राहकांच्या स्क्रिप्टमध्ये गेलं, आणि बदलायची वेळ टळली. आता पलीकडचे लोक अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारतात की तुम्ही साडेसाती लावून पाहिलीत का, आणि आमच्यातला कुणीतरी तितक्याच गंभीरपणे सांगतो, हो, सध्या चालू आहे. बेंगळुरूच्या एका सहकाऱ्यानं डॉक्युमेंटेशनमध्ये एक ओळ टाकली आहे: शनीशी संबंधित, घाबरू नये.

भाऊ गेल्या वर्षी दुसरीकडे गेला. जाताना त्यानं सगळं हँडओव्हर केलं, हे सोडून. गेल्या महिन्यात आम्ही नव्या एलएलव्हीएमवर, म्हणजे आमचा कंपायलर ज्या तयार सांगाड्यावर उभा आहे त्याच्या नव्या व्हर्जनवर, सरकलो तेव्हा त्याचा कोड फुटला आणि टीममधल्या सगळ्यात नव्या मुलानं विचारलं, ही सोय आता एलएलव्हीएममध्येच मिळते, मग आपली काढून टाकू का? विचारणं रास्त होतं. तांत्रिकदृष्ट्या तो बरोबरच होता. चर्चा झाली. ठेवावी की काढावी यावर पाच मिनिटं, आणि ठेवली तर इंग्रजीत तिचं स्पेलिंग एका शब्दात की दोन शब्दांत, यावर पाऊण तास. शेवटी ठेवायची ठरली. टूलनं विचारलं, ओनर कोण? रकाना रिकामा ठेवता येत नाही. मी माझं नाव टाकलं. टेस्टवाले म्हणतात, कमी मेमरीच्या बोर्डवर ती हँग होते. तो बग आता माझ्याकडे आहे.